बॉनेटवरची चमक आणि नाव-पत्ता नसलेल्या बाटल्या

गेल्या वर्षी दसऱ्याला आठ-दहा दिवस असताना, एका रविवारी सकाळी पुण्यातील धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन तरुणांनी टेबल मांडले. सचिवांची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती, अंगात एकसारखे टी-शर्ट होते, बोलणे नम्र होते आणि गाडी धुण्या-पुसण्याच्या बाटल्या टेबलावर नीट मांडलेल्या होत्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडून ८,४०० रुपयांचा संच घेतला. आमच्याच इमारतीतील आणखी पाच जणांनीही तो घेतला. पैसे गेल्याचे वाईट वाटतेच, परंतु त्या संचातील एका बाटलीमुळे आमच्या गाड्या धुणाऱ्या काकांच्या हाताला जी इजा झाली, तिच्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

संचात पाच वस्तू होत्या : शाम्पू, ‘९एच सिरॅमिक कोटिंग’ (रंगावर वाळून कठीण होणारा संरक्षक थर) म्हणून दिलेला फवारा, अलॉय म्हणजे मिश्रधातूच्या चाकांसाठी क्लीनर, टायर काळेभोर करणारे द्रावण आणि दोन मायक्रोफायबर फडकी. माझी गाडी गडद निळ्या रंगाची आणि चार वर्षे जुनी असल्यामुळे तिच्यावर उन्हात गोल गोल ओरखडे दिसत असत. त्या तरुणांनी बॉनेटच्या मध्यावर चिकटपट्टी लावली, उजवा भाग कसल्याशा लेपाने घासला, त्यावर फवारा मारून पुसला आणि डावा भाग तसाच ठेवला. चिकटपट्टी काढल्यावर दोन्ही भागांतील फरक थक्क करणारा होता. नंतर त्यांनी उजव्या भागावर पाणी ओतले, तर त्याचे मोत्यांसारखे थेंब झाले; मार्करने रेघ ओढली, ती फडक्याने सहज पुसली गेली; शेवटी लायटरचे थोडे इंधन टाकून ते पेटवले आणि रंगाला काहीच झाले नाही असे दाखवले. तीन वर्षांची हमी तोंडी दिली. बिल मागितल्यावर ‘व्हॉट्सअॅपवर पाठवतो’ असे उत्तर मिळाले, आणि मी यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवून मोकळा झालो.

या प्रत्येक प्रयोगाचा खरा अर्थ मला पुढे कळला. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकाच जाड असतो. खरखरीत पॉलिशने घासले की त्या थराचा वरचा भाग झिजतो आणि ओरखडे कमी दिसतात. पॉलिशमध्ये तेल आणि भरणद्रव्य असेल तर उरलेले ओरखडेही तात्पुरते बुजतात. म्हणजे बॉनेटवर दिसलेली चमक घासण्याची आणि तेलाची होती, कोटिंगची नव्हती. पाण्याचे थेंब तर मेण किंवा सिलिकॉनयुक्त तेल लावलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर होतात. ताज्या तेलकट पृष्ठभागावरची मार्करची रेघही अशीच सहज निघते. आगीचा प्रयोग सर्वांत फसवा आहे, कारण इंधनाची वाफ वरच्या वर जळते, खालचा पत्रा उष्णता पसरवतो आणि ज्योत काही क्षणांत विझते. कोटिंग नसलेल्या बॉनेटचेही एवढ्या वेळात सहसा काही बिघडत नाही. त्यांनी यांपैकी एकही प्रयोग डाव्या भागावर केला नाही, आणि तो करा असे आम्हा सहा सुशिक्षित माणसांपैकी एकानेही सांगितले नाही. ‘९एच’ हा आकडासुद्धा पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा पडतो का हे पाहण्याच्या चाचणीतला आहे. तो हिऱ्याच्या किंवा दगडाच्या कठीणपणाशी जोडून सांगितला जातो, ते चूक आहे.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा ती खरोखर देखणी दिसत होती. त्यानंतर संचातल्याच शाम्पूने ती दोनदा धुतली आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे ओरखडे पुन्हा दिसू लागले. माझी पत्नी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने शाम्पूचे दोन थेंब पीएच पेपरवर टाकले, तर सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा पीएचचा आकडा, १० च्या आसपास आला. गाडीच्या चांगल्या शाम्पूचा सामू ७ च्या जवळपास, म्हणजे उदासीन असतो. हा तर कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यासारखा अल्कधर्मी होता. त्याने संचातल्याच फवाऱ्याचा तेलकट थर धुऊन टाकला होता. एकाच टेबलावरून घेतलेल्या दोन वस्तूंपैकी एक दुसरीला नष्ट करत होती.

तिने अलॉय क्लीनरही तपासला. कागद लालभडक झाला. सामू २ च्याही खाली होता, म्हणजे ते तीव्र आम्ल होते. हे आम्हाला फार उशिरा कळले.

आमच्याकडे पहाटे साडेपाचला एक काका येतात आणि चौदा गाड्या धुतात. आदल्याच आठवड्यात मी त्यांना ती बाटली दिली होती आणि ‘काका, चाकांना हे लावा, ब्रेकची काळी धूळ लगेच निघेल’ असे सांगितले होते. हातमोजे देण्याचे मला सुचले नाही. धूळ निघाली, पण दोन चाकांवर पांढरट डाग पडले, ते आजही आहेत. सकाळी काकांना काहीच त्रास जाणवला नाही. रात्री त्यांचा फोन आला, ‘साहेब, बोटं आतून ठणकताहेत, झोप लागत नाही.’ मी त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या द्रावणात काय आहे हा, आणि बाटलीवर चाकाचे चित्र व मोठ्या अक्षरांतील नाव याशिवाय काहीही छापलेले नव्हते. चाकांच्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याचे क्षार वापरतात. ते पातळ असले तर लगेच जळजळ होत नाही, पण त्वचेतून आत जाऊन काही तासांनी तीव्र वेदना होतात; अशा इजेवर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लावावे लागते, म्हणून घटक कळणे अत्यंत आवश्यक असते. आमच्या बाटलीत नेमके तेच होते का, हे तपासून घेण्याची सोय आमच्याकडे नव्हती, परंतु डॉक्टरांनी ती शक्यता धरूनच उपचार केले. काकांना तीन आठवडे काम करता आले नाही. त्या दिवसांचे पैसे आम्ही सहा जणांनी मिळून दिले, तरी ती बाटली मीच त्यांच्या हातात दिली होती, हे मला विसरता येत नाही.

पुढे नाना पेठेत, जिथे वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तिथल्या एका जुन्या दुकानदारांना मी ती फवाऱ्याची बाटली दाखवली. त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून फडके भिजवले आणि ज्या दारावर मी नुकताच तो फवारा मारला होता, त्याच्या कोपऱ्यावर फिरवले. चमक फडक्यावर आली आणि दार पूर्ववत झाले. ‘खरं सिरॅमिक कोटिंग वाळून पक्कं झालं की असं पुसून निघत नाही,’ ते म्हणाले, ‘आणि ते दहा मिनिटांत लागतही नाही, गाडी धुवायची, चिकटलेली घाण क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने काढायची, पॉलिश करायची, तेलाचा अंश पुसायचा, मग कोटिंग. अख्खा दिवस जातो.’ बाजारात पुसून लावण्याचे साधे फवारेही मिळतात आणि ते वाईट नसतात, पण ते फार तर काही महिने टिकतात. तीन वर्षांची हमी कोणी देत असेल तर हा पुसण्याचा प्रयोग समोर करून दाखवण्यास सांगावे. दोन्ही फडक्यांच्या शिवणी कडक होत्या आणि त्यांचेच ओरखडे दारांवर पडले होते, हेही त्यांनीच दाखवले.

पाण्याबद्दलही आमची दिशाभूल झाली होती. ‘कोटिंगमुळे पाण्याचे डाग पडणार नाहीत’ असे ते तरुण छातीठोकपणे म्हणाले होते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी येते; ते जड असते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पृष्ठभागावर थेंब गोल राहिले आणि उन्हात तिथेच सुकले, तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचे पांढरे वर्तुळ उरते. कोणताही फवारा मारला तरी गाडी सावलीत धुऊन लगेच कोरडी करावीच लागते. आता मी सीलबंद, उदासीन सामूचा शाम्पू घेतो आणि दोन बादल्या ठेवतो, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडके विसळण्याची, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा रंगावर घासली जात नाही. काकांनाही आम्ही दुसरी बादली, स्वच्छ फडकी आणि हातमोजे दिले आहेत. चाकांसाठी तोच शाम्पू आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. आम्लयुक्त क्लीनर मी घरात येऊ देत नाही.

वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार बंद वेष्टनावर उत्पादकाचे, वेष्टनकर्त्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. आमच्या पाचही वस्तूंवर यांपैकी एकही गोष्ट नव्हती, आणि ती पाहण्यास अर्धा मिनिटसुद्धा लागला नसता. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही जाता येते. परंतु प्रतिपक्षाचे नाव-पत्ताच ठाऊक नसेल तर नोटीस कोणाला पाठवणार, या ठिकाणी आमचे प्रकरण अडले आहे. हातात फक्त यूपीआयच्या पावत्या आणि एक बंद पडलेला मोबाइल क्रमांक आहे.

मागच्या महिन्यात नऱ्ह्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या टेबलाचा फोटो पाठवून ‘दादा, हे घेऊ का?’ असे विचारले. बाटल्यांचा आकार तोच होता, चाकाचे चित्र तेच होते, फक्त वरचे नाव आणि रंग बदलले होते. मी त्याला आधी बाटली फिरवून पत्ता पाहायला सांगितले आणि लगेच निघालो, पण मी पोहोचेपर्यंत टेबल उचलले गेले होते आणि तिघांनी पैसे देऊन झाले होते. त्या तिघांच्या घरी जाऊन मी अलॉय क्लीनरच्या बाटल्या बाजूला ठेवायला लावल्या, त्यावर मार्करने ‘आम्ल, हात लावू नये’ असे लिहिले आणि त्या कोणाच्याही हातात देऊ नका, अशी विनंती केली.