आठ फ्लॅटची इमारत, वर्षभरानंतर: सगळं अडलं ते हौदापाशी

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात जुनी तीन मजली इमारत भाड्याने देण्यासाठी घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. आठ वन-बीएचके, लिफ्ट नाही, खाली पार्किंग. भाव, लोकेशन आणि हप्ता यांवर सगळेच बोलतात, म्हणून मी पाण्याबद्दल लिहितोय. परवा हौदातली मोटर पुन्हा जळाली आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. म्हणे, मोटर पाण्याशिवाय कोरडी चालली, वाइंडिंग म्हणजे आतली तारेची गुंडाळी जळाली. अहो, मोटरचा स्टार्टर पॅनल बसवून देणारा माणूस तुमचाच होता ना? पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं ड्राय-रन प्रोटेक्शन त्याने का लावलं नाही, याला अजून उत्तर नाही. लेखी तक्रार दिली आहे आणि रिवायंडिंगचे, म्हणजे नवी गुंडाळी भरण्याचे पैसे मी सोडणार नाही.

मोटर कोरडी का चालते, हे मात्र समजून घ्या. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशोब. आठ घरं, घरटी चार माणसं धरली तर दिवसाला ४,३२० लिटर लागतात आणि दोन दिवसांचे ८,६४०. आमचा हौद ४,००० लिटरचा, गच्चीवरची टाकी ३,०००ची. बांधणाऱ्याने रोज पाणी येत असताना बांधली, तेव्हा ते पुरेसं होतं. पण दिवसाआड पाण्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौद तळाला जायचा, मोटर हवा ओढायची आणि तिसऱ्या मजल्यावरून फोन यायचा, "काका, पाणी गेलं."

उन्हाळ्यात टँकर मागवले. पावत्या नीट फाइल केल्या होत्या, पण सीएने सांगितलं की त्यांचा उपयोग नाही. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते आणि कर्जाचं व्याज वेगळं धरतात. दुरुस्ती, टँकर, झाडूवाली, जिन्यातल्या दिव्यांचं बिल, सगळं त्या ३० टक्क्यांत. एजंट महिन्याचं भाडं गुणिले बारा करून दाखवतो, तेव्हा हा हिशोब तो मांडत नाही. खरेदीच्या वेळचं ७ टक्के मुद्रांक शुल्कही त्यात नसतं, आणि आमच्या भागातल्या भाड्याच्या हिशोबाने ते जवळपास दोन वर्षांचं उत्पन्न आहे.

मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, घेऊ नका, सोसायटीत दोन फ्लॅट घ्या. आता तसं म्हणत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पार्किंगच्या कोपऱ्यात ५,००० लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवली आणि हौदाला जोडली. ना सभा, ना ठराव, ना कुणाची एनओसी. सोसायटीत याच कामासाठी माझ्या भावाची दोन वर्षं पत्रापत्रीत गेली. त्या टाकीनंतर टँकर बंद झाला. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब घर सोडायच्या तयारीत होतं, त्यांनी अकरा महिन्यांचा करार पुन्हा केला. घर रिकामं राहिलं असतं तर एक महिन्याचं भाडं आणि एजंटचं कमिशन, दोन्ही गेले असते. हा फायदा मी आधी कागदावर धरलाच नव्हता.

परवा मोटर कोरडी चालली ती फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीप्रमाणे मोटर चालू-बंद करणारा तरंगता स्विच अडकल्यामुळे, पाण्याच्या तुटवड्यामुळे नव्हे. म्हणून आता दोन्ही टाक्यांत सेन्सर असलेला लेव्हल कंट्रोलर बसवतोय. तो मोटरच्या रिवायंडिंगपेक्षा स्वस्त पडतो.

इमारत बघायला जाणार असाल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा वकील तपासेलच. तुम्ही हौदाचं झाकण उघडायला लावा, टेप घेऊन लांबी, रुंदी आणि खोली मोजा. तिन्ही मापं मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करा, तो हजाराने गुणला की लिटर मिळतात. शक्यतो पाणी न येणाऱ्या दिवशी संध्याकाळी जा, आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा, मालकाला नको.