आठ महिने हॉर्स रायडिंग केल्यावर: रिकिबीचे पट्टे मोजून घ्या

तीन आठवड्यांपूर्वी घोडा ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) असताना डाव्या रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायची कडी खोगिराला टांगणारा, पट्टा बकलापाशी तुटला. आयाळ घट्ट धरली म्हणून वर राहिले. उतरले तर रायडिंग शाळेच्या ऑफिसातून निरोप: पट्टा तुमच्याकडून तुटला, भरपाई द्या. आणि तो लेसनही पूर्ण धरला. दर रविवारी बोरिवलीहून पहाटेची लोकल पकडून जाते, स्वतःहून एकही दिवस चुकवलेला नाही. फार लागलं ते. शाळेचं नाव घेत नाही, पण पट्ट्याबद्दल लिहिणारच.

शाळेत मला मिळणारा घोडा अकरा वर्षांचा, महालक्ष्मी रेसकोर्सवर धावून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा. उजव्या फेरीला गुणी, डाव्या फेरीला मात्र प्रत्येक कोपरा कापायचा. सर म्हणाले, मुंबईत शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात, त्याला उजवीकडे वळायचीच सवय. मला पटलं. डावीकडे जाताना आतला, म्हणजे डावा पाय त्याच्या बरगडीशी दाबून धरावा लागतो. माझा तिथे टिकायचाच नाही. टाच वर यायची, रिकीब सुटायची आणि सोमवारी स्टेशनचा जिना चढताना डावा गुडघा ठणकायचा. मी घरी व्यायाम वाढवला आणि मनातल्या मनात घोड्याला अडेलतट्टू ठरवलं.

पट्टा तुटला त्या दिवशी सईसाने (घोड्यांची निगा राखणाऱ्याने) दोन्ही पट्टे काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींचं बकल सहाव्याच भोकात. तरी डावा चांगला दोन बोटं लांब! जिथे तुटला तिथे आतल्या बाजूने केसासारख्या बारीक आडव्या भेगा होत्या, म्हणजे कातडं कधीचं सुकलेलं. तो म्हणाला, "ताई, सगळे डावीकडूनच चढतात. सगळा भार ह्याच पट्ट्यावर येतो. मधून मधून डावा उजवीकडे घालायचा असतो, कोण घालतं?"

चूक माझीही आहे. चढण्याआधी हाताची बोटं वरच्या बकलाला टेकवून रिकीब काखेपर्यंत येते का बघायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी उजवीकडे बघायचे आणि डावीकडे नुसती भोकं मोजायचे. दोन्हीकडे हाताने मापा. तंगसुद्धा (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) चढण्याआधी पुन्हा एकदा ओढा, खोगीर घालताना घोडा पोट फुगवतो.

मग आतून नायलॉन असलेले, सहसा न ताणणारे पट्टे स्वतःचे घेतले. दोन लेसनचे पैसे गेले, पण आठ महिन्यांतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. पुढच्याच रविवारी डाव्या फेरीला पाय जागेवर राहिला. घोड्याचा आतला कान माझ्याकडे वळला आणि तो कठड्याला धरून कोपऱ्यात शिरला, तोल न सोडता. मला भरून आलं. इतके महिने मी वाकडी बसत होते आणि तो बिचारा मला सावरून घेत होता.

सरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. डावीकडे कँटर (ट्रॉटपेक्षा वेगाची, उड्यांची चाल) घेताना डावा पाय पुढे हवा, तो अजून कधी कधी उजवा टाकतो. शिकवणं खरंच चांगलं आहे. शर्यतीच्या घोड्याला लगामावर रेलून पळायची सवय असते, ओढलं की आणखी जोर करतो. तिथे श्वास सोडून खोगिरात जड बसायचं, हे सरांनी न कंटाळता शिकवलं. म्हणून शाळा सोडत नाही.

पण लेसनचं मुदतीचं पॅकेज पावसाळ्यात घेऊ नका. मी ऑगस्टमध्ये घेतलं, रिंगणात पाणी साचून चार रविवार गेले आणि मुदत काही वाढली नाही.

भरपाई मी दिली नाही. पट्टे बाकावर मांडून दाखवल्यावर ती मागणी त्यांनी मागे घेतली. पट्टा तुटला त्या दिवशीचा लेसन मात्र अजून परत मिळालेला नाही. तुटलेला तुकडा मी जपून ठेवलाय, येत्या रविवारी घेऊन जाणार आहे.