दोन फुटी दगडी भिंतीत अकरा महिने

गिरगावातल्या एका जुन्या दगडी जोडबंगल्याचा डावा अर्धा भाग आम्ही गेल्या मे महिन्यात भाड्याने घेतला. करार संपत आलाय, म्हणून हा अनुभव.

मधली भिंत दोघांची एकच. पलीकडे आमचंच घर, आरशात दिसावं तसं उलटं. भिंत चांगली दोन फूट जाड, शेजारच्या काकूंचं बोलणं अजिबात ऐकू येत नाही, पण खलबत्त्याचा ठोका न् ठोका येतो. दोन्ही घरांच्या सागवानी तुळयांची टोकं त्याच भिंतीत बसवलीत, त्याचा हा प्रताप. वायफायला मात्र भिंत दाद देत नाही, खोलीगणिक वेगळी सोय करावी लागली.

उन्हाळ्यात दुपारी तीनपर्यंत पंख्यावर भागतं. दगड तापायला वेळ घेतो, आणि निवायलाही. रात्री दहाला पश्चिमेची भिंत हाताला कोमट लागते. आम्ही निमूट पूर्वेच्या खोलीत झोपतो.

खरी परीक्षा पावसाची. भिंती काळ्या दगडाच्या, खिडक्यांच्या कमानी मालाडच्या पिवळसर दगडाच्या. (काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयातही मालाडचा दगड आहे, तेवढाच आमचा थाट!) काळा दगड पाणी पीत नाही, ते शिरतं दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. मूळच्या दर्जा चुन्याच्या. चुना ओला होतो, पुन्हा श्वास घेऊन सुकतो. आमच्या बाजूला आधी कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून त्यावर सिमेंट भरलं. सिमेंट दगडाच्या कडेला केसभर सुटलं, पाणी आत गेलं आणि तिथेच अडकलं. जुलैत पोपडे, ऑगस्टमध्ये पुस्तकांच्या कपाटामागे हिरवट बुरशी. काकूंनी त्यांच्या दर्जांना हात लावलेला नाही. एकच छप्पर, एकच पाऊस, तरी त्यांची भिंत दसऱ्याला कोरडी, आमची दिवाळीतही दमट.

गवंड्याने एक कोपरा खरवडून दाखवला. काकूंकडचा जुना चुना नखाने भुकटी होऊन येत होता, आमच्याकडे छिन्नीसुद्धा उडत होती. दगडाची कड फुटू नये म्हणून सिमेंट हातानेच काढायचं, मशीन लावायचं नाही, असं त्याचं म्हणणं. वेळ जाणार, खर्चही.

पुन्हा सही करतोय. मालकांना अट एकच घातलीय, पश्चिमेच्या दर्जा मे संपायच्या आत चुन्याने भरून द्यायच्या. कपाट तोवर भिंतीपासून वीतभर पुढे.