प्लेसमेंट कन्सल्टन्सीचा अनुभव: पोरं लवकर मिळतात, पण इंटरव्ह्यू शेडमध्येच घ्या

पाचपैकी तीन स्टार.

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि एक व्हीएमसी (तसंच मिलिंगचं मशीन). मागच्या दिवाळीला गावाकडं गेलेले दोन ऑपरेटर परत आलेच नाहीत, ऑर्डर तर अंगावर, म्हणून सांगलीतल्या एका कन्सल्टन्सीकडं गेलो. नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत. आठ दिवसात सहा पोरं पाठवली, आयटीआयचे कागद तपासलेले, आधीच्या कंपनीत फोन करून विचारलेलं, आणि फी पण माणूस कामावर हजर झाल्यावरच घेतली.

अडचण त्यांच्या इंटरव्ह्यूची आहे. केबिनमध्ये वीस मिनिटं, स्वतःबद्दल सांगा, आधीची नोकरी का सोडली, पाच वर्षांनी कुठं असाल. एक पोरगा लय छान बोलला, मी पण तिथंच बसलेलो, मला पण तोच आवडला आणि त्यालाच घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यानं टूल बदललं आणि ऑफसेट न घेताच, म्हणजे नव्या टूलचं माप मशीनला न देताच, सायकल स्टार्ट केली, टूल जाऊन चकवर (जॉब पकडतो तो भाग) आदळलं, टरेट (टूल बसवतात तो भाग) हलला, मशीन चार दिवस बंद. त्याला दोष देत नाही, त्याला मशीनसमोर उभं करून आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या जागेला म्हटलं राहिलेल्यातले तिघं आमच्याकडं पाठवा. तिघांना तेच ड्रॉइंग, तोच शाफ्ट, तोच मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन), तेच पाच प्रश्न, कशाला किती मार्क ते आधीच लिहून ठेवलेलं. त्यात तासगावकडचा एकजण होता, केबिनमध्ये त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. इथं त्यानं मायक्रोमीटर घेतला, आधी फडक्यानं त्याची मापायची तोंडं पुसली, बंद करून झिरो बघितला, मग शाफ्ट तीन ठिकाणी मापला आणि म्हणाला, "मालक, ह्या टोकाला वीस मायक्रॉन जादा भरतंय, टेपर आहे." टेपरवाला, म्हणजे एका टोकाला किंचित जाड असलेला पीस मी मुद्दामच ठेवला होता, बाकी दोघांनी मधे एकदा मापून ओके लिहिलं. अकरा महिने झाले, पोरगं आमच्यात टिकून आहे आणि रिजेक्शन कमी झालंय.

माझी मुलगी एमबीए करते, तिनं ह्यावरचं संशोधन सांगितलं. अमेरिकेत श्मिट आणि हंटर यांनी 1998 ला 85 वर्षांचा अभ्यास एकत्र केला, त्यात काम करून दाखवायची परीक्षा सगळ्यात वर होती. 2022 ला सॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी आकडे परत तपासले तर ती खाली आली, आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारायचा इंटरव्ह्यू 0.42 वर पहिला आला, मोकळ्या गप्पांचा इंटरव्ह्यू फक्त 0.19. 1 म्हणजे माणूस काम कसं करेल त्याचा अंदाज तंतोतंत, असा तो हिशोब. म्हणजे इंटरव्ह्यू वाईट नाही, गप्पांवर माणूस निवडणं वाईट.

आणि ट्रायलला बोलावलं तर हजेरी, म्हणजे दिवसाचा पगार द्या, फुकट राबवू नका. आम्ही तिघांनाही अर्ध्या दिवसाची दिली, जेवण पण.

पुढच्या महिन्यात व्हीएमसीला माणूस पाहिजे, परत ह्यांच्याकडंच जाणार आहे, फक्त पोरं थेट शेडवर पाठवा म्हणून सांगितलंय.