चार्जरवरची बॅटरी, न उघडलेलं चेनकेस आणि १७ हजारांचं बिल

बॅटरी रात्रभर चार्जरला लावायची आणि सकाळी गाडी ताब्यात द्यायची. गिऱ्हाईक आठवडाभर खूश राहतं. ठाण्यात आमच्या जुन्या बुलेटच्या चार्जिंगच्या कामात जी फसवणूक झाली, ती सगळी या एका युक्तीवर उभी होती. हीच युक्ती दुसऱ्या कुणावर चालू नये म्हणून घडलं तसं लिहितो आहे. गॅरेजचं नाव देत नाही, कारण तक्रारीचं काम अजून संपलेलं नाही.

गाडी मामांची. १९९६ची बुलेट ३५०, पहिले मालक तेच. गुडघे दुखायला लागल्यावर मामांनी किक मारणं सोडलं आणि गाडी माझ्याकडे कळव्याला आली. मी ती कामावर ऐरोलीला नेतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचतं हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या पाण्यातून गाडी काढावी लागली आणि त्यानंतर हळूहळू लक्षणं दिसायला लागली. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, इंडिकेटर लावला की इंजिन अडखळायचं, आणि हेडलाइटच्या वरच्या अँमीटरचा काटा कितीही रेस दिली तरी वजा बाजूलाच पडून राहायचा.

ज्यांनी जुनी बुलेट चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अँमीटर म्हणजे बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय हे दाखवणारं घड्याळ. काटा अधिक बाजूला असेल तर चार्जिंग होतंय, वजा बाजूला असेल तर बॅटरी रिकामी होतेय. या गाडीला पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि इग्निशन कॉइल आहे, आणि ठिणगीसाठीचा करंट बॅटरीतूनच येतो. त्यामुळे चार्जिंग बंद असलं तरी बॅटरीत जीव असेपर्यंत गाडी चालत राहते. मग एक दिवस दिघा किंवा रबाळ्याच्या आसपास, ट्रकांच्या मध्ये, बंद पडते.

आम्ही गेलो ते गॅरेज वागळे इस्टेटमध्ये. बोर्डावर ‘व्हिंटेज बुलेट स्पेशालिस्ट’. खरं तर केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी. १९९६ची बुलेट त्यात बसत नाही. पण बोर्डावर हा शब्द आला की दर आपोआप चढतो. मालक बोलायला अत्यंत गोड. मामांना म्हणाला, “काका, अशी ओरिजिनल गाडी आता बघायला मिळत नाही. हिला हात लावायला आमच्यासारखाच माणूस पाहिजे.”

आधी बॅटरी बदलली, १,६५० रुपये. गाडी आठवडाभर झकास चालली आणि परत तेच. मग निदान निघालं की कॉइल प्लेट, म्हणजे करंट तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा न फिरणारा भाग, स्टेटर, जळाला आहे. पार्टचे ४,८०० आणि मजुरी १,२००. पुन्हा काही दिवस बरे गेले, पुन्हा इंजिन अडखळलं. मग आरआर युनिट (अल्टरनेटरचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करून काबूत ठेवणारा डबा), १,९००. मग “दादा, वायरिंगच कुजलीय, कितीही पार्ट बदला, खातच राहणार” म्हणून पूर्ण वायरिंग सेट, मजुरीसकट ७,५००. एकूण १७,०५० रुपये झाले, आणि त्यानंतर त्याने रोटरचं, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाचं, मॅग्नेट कमजोर झाल्याचं सांगून आणखी साडेपाच हजारांचा अंदाज दिला. प्रत्येक वेळी गाडी एक रात्र ठेवून घ्यायचा. का ठेवून घ्यायचा, ते आता कळतं.

दर वेळी गाडी देताना तो एक प्रयोग करून दाखवायचा. गाडी सुरू करायची, हेडलाइट लावायचा, रेस द्यायची. रेसबरोबर हेडलाइट लख्ख व्हायचा. “बघा काका, चार्जिंग फुल्ल.” बघणाऱ्याला ते अगदी पटतं. पण आमच्या गाडीत हेडलाइटचा आणि बॅटरी चार्जिंगचा रस्ता वेगळा आहे. त्या काळातल्या बऱ्याच बारा व्होल्टच्या गाड्यांत हेडलाइट अल्टरनेटरच्या वेगळ्या गुंडाळीवरून थेट एसी करंटवर जळतो. बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून रेसबरोबर हेडलाइट वाढला तर त्यावरून रोटर फिरतोय आणि त्याच्या मॅग्नेटमध्ये जोर आहे एवढंच कळतं. बॅटरीत काही पोचतंय की नाही ते अजिबात कळत नाही. आणि ज्या मॅग्नेटच्या जोरावर हेडलाइट लख्ख करून दाखवला, तेच मॅग्नेट कमजोर झालंय म्हणून साडेपाच हजार मागितले! अज्ञानातून असं होत नाही. ज्याला सगळं नीट माहीत आहे तोच एवढ्या सफाईने हे करू शकतो.

फसवणूक उघडी पडली ती मामांमुळे. वायरिंगचं काम झाल्यावर गाडी त्यांना दाखवायला नेली. जुन्या बुलेटवाल्यांची किक मारायची पद्धत ठरलेली असते. चावी लावून किक हळू दाबायची, अँमीटरकडे बघायचं. पॉइंट बंद असतात तेव्हा काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तिथे थांबून डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढायचा, किक जराशी पुढे सरकवायची, डिकॉम्प सोडायचा आणि मग पूर्ण किक. मामा बाजूला उभे राहून काट्याकडे बघत होते. म्हणाले, “अरे, काटा हलतच नाहीये. चावी लावल्यावर तो हललाच पाहिजे.”

हेडलाइट उघडून पाहिलं. अँमीटरच्या मागच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळून वर टेप मारली होती. काटा कायमचा मध्यावर. फोनवर विचारलं तेव्हा उत्तर आलं, “जुन्या अँमीटरनं आग लागते दादा, सेफ्टीसाठी बायपास केलंय.” या बोलण्यात थोडं तथ्य आहे. अँमीटरमधून बराच करंट जातो, मागचे नट सैल झाले तर तिथे गरम होऊन वायर वितळू शकते, आणि काही चांगले मेकॅनिकही तो बायपास करतात. पण ते मालकाला सांगून करतात, जोड नीट सोल्डर करतात आणि बदल्यात व्होल्टमीटर बसवून देतात. इथे आमच्याकडे खरं बोलणारी एकच वस्तू होती, आणि तिचंच तोंड बंद केलं होतं.

मग मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका वयस्कर वायरमनकडे नेलं. ठाण्याच्या जुन्या भागात त्यांचं छोटं दुकान आहे, बोर्डसुद्धा नाही. त्यांनी पाना हातात घेतला नाही, मल्टिमीटर घेतला. बॅटरीच्या दोन टोकांना लावला, १२.२ व्होल्ट. गाडी सुरू करून रेस दिली, आकडा वर जायच्या ऐवजी किंचित खालीच आला. “चार्जिंग येतच नाहीये. आता कुठे अडतंय ते बघू,” म्हणाले. डाव्या बाजूच्या चेनकेसमधून (इंजिनाच्या साखळीवरचं बंद कव्हर) अल्टरनेटरच्या वायरी बाहेर येतात, त्यांच्यावर बोट ठेवून ते मागे मागे गेले आणि एका कप्लरशी, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगशी, थांबले. कप्लरचं प्लास्टिक काळं पडलेलं, आतली एक पिन हिरवी होऊन अर्धी खाल्लेली. तो सोडवून त्यांनी मीटर एसीवर केला आणि अल्टरनेटरकडून येणाऱ्या चार्जिंगच्या दोन वायरींना लावला. रेस वाढवली तसा आकडा भराभर चढत गेला. मग मीटर ओहमवर करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात जोड लागतोय का पाहिलं. नाही लागला. म्हणजे स्टेटर धडधाकट, रोटर धडधाकट. पाणी शिरून कप्लर सडला होता, इतकंच.

नवीन कप्लर, नवीन पिना, बॅटरीच्या अर्थिंगची लग (वायरीचं टोक) घासून घट्ट केली. रेसवर १४.१ व्होल्ट. ३५० रुपये घेतले.

निघताना त्यांनी चेनकेसकडे बोट दाखवलं. “हे कोणी उघडलंय म्हणता?” बुलेटचा स्टेटर या चेनकेसच्या आत असतो. तो बदलायचा तर डावं फुटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढावं लागतं, मधला मोठा नट सोडावा लागतो, आतलं ऑइल खाली येतं, आणि परत लावताना सील आणि ऑइल नवं घालावं लागतं. आमच्या चेनकेसच्या मधल्या नटाभोवती वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल जमून दगड झालेला, फुटरेस्टचा नट गंजलेला, त्यावर पान्याची एक खूण नाही. बिलात ऑइल आणि सीलचा उल्लेखही नव्हता. पुरावा पक्का करायला आम्ही व्हिडिओ चालू ठेवून चेनकेस उघडून घेतलं. आतलं ऑइल जुनं काळं, आणि स्टेटर उघडउघड कंपनीतून आला तोच, तेलाने मुरलेला. नव्या वायरिंगची टेप एका जागी चिरली तर आत तीच जुनी कडक झालेली वायर, ठिकठिकाणी पिळलेले जोड. नवीन होती ती फक्त टेप. आरआर युनिट मात्र खरोखर बदललं होतं. चांगलं चालणारं जुनं युनिट काढून घेतलं आणि त्या जागी नाव नसलेला हलका माल बसवला. जुनं कुठे विचारलं तर “भंगारात गेलं.”

मामांना सर्वांत जास्त लागलं ते हेच. पैशांचं त्यांनी फार मनावर घेतलं नाही. पण जी गाडी त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या हाताने पुसली, तिचा चालता पार्ट कुणीतरी गुपचूप काढून नेला, हे त्यांना सहन होईना. मलाही होत नाही.

नेरुळच्या एका मित्राला मी हे सांगितलं तेव्हा त्याच्या येझदी मोटारसायकलबद्दल असंच काहीसं चालू असल्याचं कळलं. येझदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या सहा व्होल्टच्या येझदीला अल्टरनेटर नसून डायनामो असतो, त्याचं आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) क्रँकवरच बसतं, आणि चार्जिंगचा लाल दिवा असतो. चावी लावल्यावर तो लागला पाहिजे आणि रेसबरोबर विझला पाहिजे. विझत नसेल तर आधी कार्बन झिजलेत का, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडलाय का आणि डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट चिकटलेत का ते बघायचं. ही कामं कमी पैशांची आहेत. मित्राला मात्र पहिल्याच भेटीत “सगळं बारा व्होल्ट करून टाकू” असा सल्ला मिळाला. बारा व्होल्ट करण्यात गैर काही नाही, अनेक जण विचार करून करतात. पण काढलेला मूळ डायनामो कोण ठेवणार, हे त्याने विचारताच समोरचा गप्प झाला. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६मध्ये बंद झाला. तेव्हापासून मूळ पार्टला काय भाव येतो हे गॅरेजवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. चार्जिंगच्या तक्रारीवर कुठलाही पार्ट बदलू देण्याआधी आपल्या डोळ्यांसमोर मीटर लावून घ्या. साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी साडेबाराच्या पुढे दाखवते. सुरू करून रेस दिल्यावर आकडा साडेतेराच्या वर गेला पाहिजे आणि पंधराच्या आत राहिला पाहिजे. गाडी दुरुस्त होऊन हातात येते तेव्हाही हेच बघा, हेडलाइट बघू नका. एखादा मेकॅनिक मीटर लावायला टाळाटाळ करत असेल तर तिथून गाडी ढकलत न्यावी लागली तरी न्या. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, “भंगारात टाकला” हे उत्तर चालवून घेऊ नका. गाडी ठेवताना अँमीटर, आरआर युनिट, इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटर (ज्यात पॉइंट असतात तो भाग) यांचे जवळून फोटो काढा आणि मेकॅनिकला दिसेल असे काढा. आणि बिलावर पार्टचं नाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. आमच्या बिलात ‘कॉइल प्लेट नवीन’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणूनच पुढे काही करता आलं.

गॅरेजमध्ये व्हिडिओ दाखवला तेव्हा मालक आधी म्हणाला, “पोराच्या हातून राहून गेलं असेल.” न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं पोराच्या हातून कसं राहून जातं, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग आवाज चढवला, मामांच्या वयाचाही मान ठेवला नाही. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवली. त्यात बिलांच्या प्रती, चेनकेसचे फोटो आणि वायरमनची सहीची चिठ्ठी जोडली. त्यानंतर स्टेटरचे आणि त्याच्या मजुरीचे असे ६,००० रुपये खात्यावर आले, सोबत एक शब्दही नाही.

वायरिंगचे ७,५०० रुपये आणि मूळ आरआर युनिट यांसाठी आता ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. टेप चिरलेला वायरिंगचा तुकडा आणि काळा पडलेला कप्लर मी वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवला आहे. वागळे इस्टेटमध्ये कुणाला असाच अनुभव आला असेल तर बिलं फाडू नका आणि गाडीतून निघालेलं काही फेकू नका.