टेप संपण्याआधी बोर्ड संपला

माझे वडील शिंपी. लालबागला त्यांचं दुकान आहे आणि आमच्या घरात कधीही, कुठल्याही खुंटीला हात घातला तर मोजायची टेप हाताला लागते. असं असूनही मी ३६,५०० रुपये देऊन तब्बल दहा सेंटीमीटर तोकडा स्नोबोर्ड (दोन्ही पाय बांधून बर्फावर घसरत जायची फळी) विकत आणला आणि दोन-अडीच महिने मला त्याचा पत्ता नव्हता.

मुंबईत राहून स्नोबोर्ड कशाला, हे आईने विचारून झालंय, त्यामुळे तुम्ही विचारू नका. तीन हिवाळे गुलमर्गला भाड्याचे बोर्ड घेऊन शिकलो, बऱ्यापैकी जमायला लागलं आणि मग कार्व्हिंगचं वेड लागलं. कार्व्हिंग म्हणजे बोर्ड आडवा घसटत वळवायचा नाही. तो कडेवर कलवायचा आणि पोलादी कडेने बर्फ कापत जायचं. मागे उरते ती फक्त एक बारीक रेघ. कापडावर कात्री नुसती सरकत जाते ना, कचकच न करता, तसं. भाड्याच्या मऊ, थकलेल्या बोर्डांवर ते होत नाही. म्हणून ठरवलं, या वर्षी स्वतःचा घ्यायचा. नवा परदेशातून मागवायचा तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून आकडा ऐकूनच थंडी भरते. तेव्हा सेकंडहँड.

नोव्हेंबरात एक जाहिरात दिसली. मोहरीच्या रंगाच्या सोफ्याला टेकवलेला काळा-नारिंगी बोर्ड. ‘कार्व्हिंग बोर्ड, १५९, जेमतेम पाच दिवस वापरलेला, परदेशातून आणलेला.’ १५९ म्हणजे लांबी, सेंटीमीटरमध्ये. माणूस अंधेरी पश्चिमेचा. रविवारी गेलो.

माणूस गोड होता. पाणी दिलं, चहा विचारला. त्याने मला लांबीचा नियम सांगितलाच नाही, माझ्याकडून वदवून घेतला. ‘सर, तुम्ही कसं ठरवता लांबी?’ असं त्याने विचारलं आणि मी लगेच पोपटासारखा सुरू झालो: बोर्ड उभा केला की हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये यायला हवा, कार्व्हिंगला थोडा लांबच बरा, कारण जितकी जास्त कड बर्फाला लागेल तितकी पकड जास्त. तो मान हलवत ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘तुम्हाला तर सगळं माहितीये, मी काय सांगणार!’ फसवणूक खरं म्हणजे तिथेच पुरी झाली होती, पैसे द्यायचे तेवढे बाकी होते.

मग त्याने बोर्ड माझ्यासमोर उभा केला. दोन्ही टोकांना फोमच्या टोप्या, वरून बबल रॅप. प्रवासात टोकं ठेचकाळू नयेत म्हणून, असं म्हणाला. बोर्ड बरोबर माझ्या ओठांपर्यंत आला. बबल रॅप मधोमध फाडून त्याने मला १५९ हा आकडा दाखवला, ठसठशीत, पांढरा. त्या फोमच्या टोप्या प्रत्येकी चार-पाच सेंटीमीटर जाड होत्या हे आज मला दिसतं. तेव्हा मला फक्त ओठ दिसले. ‘पुण्याहून एक जण उद्या सकाळी येतोय’ हेही झालं. पुण्याहून येणारा हा माणूस मुंबईतल्या प्रत्येक व्यवहारात कसा काय असतो देव जाणे. ४२ हजारांवरून ३६,५०० वर आलो आणि आपण घासाघीस चांगली केली या आनंदात यूपीआयने पैसे पाठवून मोकळा झालो.

लोकलला बोर्ड मालडब्यात चढवला. एका मासेवाल्या मावशींनी विचारलं, ‘इस्त्रीचं टेबल काय रे?’ मी हो म्हणालो. लांबून तरी तसाच दिसत होता.

जानेवारीच्या शेवटी गुलमर्गला गेलो. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस कडक थंडीचे दिवस, संपत आले होते. सकाळी गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला गेलो. तिथून वर दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या अंगावर जातो, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, पण तिकडे माझं काम नव्हतं. मला मशीन फिरवून दाबलेला पट्टा हवा होता. (हे आधीच सांगून ठेवतो, गुलमर्गचं नाव आहे ते भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी. कार्व्हिंगला लागतो तसा कडक दाबलेला उतार तिथे थोडाच मिळतो. तेव्हा मुळात हा बोर्ड घ्यायचा हट्टच अर्धवट शहाणपणाचा होता. पण तो दोष माझा, विकणाऱ्याचा नाही.)

पहिल्या दिवशी वेग जरा वाढला की बोर्ड पायाखाली थरथरायला लागायचा. कडेवर कलवला की क्षणभर पकड, आणि मग मागचं टोक सुटून सरळ बाजूला. दुसऱ्या दिवशी जास्त कलवून पाहिला तर बुटाचा चवडा बर्फात रुतला आणि मी तोंडावर. तिसऱ्या दिवशी टाच रुतली आणि मी पाठीवर. चार दिवस मी स्वतःलाच शिव्या देत होतो: गुडघे वाकत नाहीत, वजन पुढे जात नाही, वय झालं. रात्री खोलीत बुखारीजवळ, म्हणजे काश्मिरी शेगडीजवळ बसून कोरियन आणि जपानी पोरांचे व्हिडिओ बघायचे आणि आपण नालायक आहोत असं ठरवून झोपायचं. पैसे गेल्याचं दुःख मागाहून झालं आणि विरलंही. ते चार दिवस मात्र अजून डाचतात.

चौथ्या दिवशी दुपारी मला पूर्वी शिकवलेले काश्मिरी उस्ताद भेटले. माझी एक उतरण पाहिली, काही बोलले नाहीत. खाली आल्यावर माझा बोर्ड काढून घेतला, बर्फात खोचला आणि शेजारी स्वतःचा खोचला. त्यांचा १५८. माझा १५९, म्हणजे केसभर वर दिसायला हवा. तो त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं आणि वर अंगठा इतका खाली होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोर्डाकडे. मग त्यांनी माझ्या बोर्डाच्या कडेजवळ नखाने खरवडलं. वरचा चकचकीत पापुद्रा किंचित उचलला गेला. थंडीने गोंद सुटायला लागला होता. ‘ये तो स्टिकर है जनाब.’

घरी आल्यावर वडिलांनी बोर्ड जमिनीवर आडवा टाकला. शिंप्याची टेप दीड मीटरची असते. एका बाजूला ६० इंच, दुसऱ्या बाजूला १५० सेंटीमीटर. १५९चा बोर्ड असता तर टेप अपुरी पडून पुढे नऊ सेंटीमीटर बोर्ड उरायला हवा होता. पत्र्याचं टोक एका कडेला दाबून वडील टेप सोडत गेले, आणि बोर्ड संपला तरी टेपचा एक सेंटीमीटर शिल्लक. १४९. टोकाच्या वळणावरून मोजलं तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर इकडेतिकडे होतं, दहा होत नाही. वडिलांनी कानामागचा खडू काढला आणि कापडाच्या तुकड्यावर लिहितात तसं बोर्डावर १४९ लिहून टाकलं. ‘ऐकीव मापावर आपण कधी कात्री लावली का?’ एवढंच म्हणाले. एवढ्याने मला पुरलं.

मग आईचा हेअर ड्रायर घेऊन स्टिकर सोडवायला बसलो. मोटारसायकलच्या टाकीला रेडियमवाले चिकटवतात त्या जातीचा विनाइल, अख्ख्या पृष्ठभागावर, स्क्रूंच्या भोकांपाशी ब्लेडने गोल कापलेला. काम सफाईचं होतं हे मान्य करायला हवं. खालून निघाला फिका पडलेला निळा बोर्ड, टोकावर मोठ्या अक्षरात १४९, आणि शेपटीकडे अर्धवट खरवडलेला बारकोड. कुठल्यातरी भाड्याच्या दुकानातून निकालात काढलेला माल. भाड्याच्या बोर्डांवर लांबी अशीच मोठी लिहितात, कारण पोऱ्याला रॅकवरून पटकन उचलता यायला हवा. आणि हा कार्व्हिंगचा नव्हताच. शिकाऊ लोकांचा मऊ बोर्ड.

आता मला जे कळलंय ते सांगतो. तुम्ही माझ्यासारखे अर्धशिक्षित असाल तर उपयोगी पडेल.

हनुवटी-नाकाचा नियम हा नुसता अंदाज आहे. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. मी पाच फूट नऊ इंच आणि ८४ किलो. माझ्याच उंचीचा ६५ किलोचा मित्र माझ्यापेक्षा बऱ्याच आखूड बोर्डावर सुखात राहील. म्हणून बनवणाऱ्या कंपनीचा त्या मॉडेलचा वजनाचा तक्ता पाहायचा, आणि तो विकणाऱ्याच्या मोबाइलवर नाही, स्वतः शोधून. मला नेहमीच्या मऊ स्नोबोर्ड बुटांवर कार्व्हिंगसाठी १६०च्या आसपासचा लागतो. १४९ माझ्यापेक्षा पंधरा-वीस किलो हलक्या माणसाचा.

टोकापासून टोकापर्यंतची लांबी हेही अर्धंच सत्य. कलवल्यावर प्रत्यक्ष बर्फाला लागते ती कड वेगळी, त्याला इफेक्टिव्ह एज म्हणतात, आणि पकड तिच्यावर असते. जपानी कार्व्हिंग बोर्डांत नाक बोथट, हातोडीसारखं असतं. त्यांची कड जवळजवळ टोकापर्यंत जाते. तसा १५६ हा गोल नाकाच्या १६०ला मागे टाकू शकतो. दोन वेगळ्या घडणीचे बोर्ड नुसत्या लांबीवर तोलणं म्हणजे नुसती छाती मोजून शर्ट शिवणं. त्यातच कमरेचा बाक येतो. बोर्ड मध्ये बारीक असतो, त्या वक्राची त्रिज्या मीटरमध्ये देतात. लहान त्रिज्येचा झटकन वळतो, मोठीचा रुंद वळण घेतो आणि वेग मागतो. शर्यतीचे, कडक बुटांचे बोर्ड तर वेगळंच प्रकरण. जायंट स्लालम, म्हणजे रोवलेल्या खुणांना वळसे घेत उतरायची शर्यत, तिचे १८०च्या पुढेही असतात. ते पाहून आपण लांबी ठरवू नये.

आणि रुंदी. माझं तोंडावर पडणं यातूनच. माझा बूट यूके साडेनऊ, पाऊल साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. या बोर्डाची कंबर मोजली तर २४.६. म्हणजे बूट दोन्हीकडे अडीच-तीन सेंटीमीटर बाहेर. हळू चालवताना हे जाणवत नाही. कार्व्हिंगला बोर्ड खूप कलवावा लागतो, आणि मग कडेच्या आधी बूट बर्फाला लागतो. बूट लागला की कड उचलली जाते आणि तुम्ही आडवे. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, पुढच्या बाजूला जास्त वळवून थोडं निभावतं, पण इतका फरक निभावत नाही. जाताना आपला बूट पिशवीत टाकून न्या आणि बोर्डावर ठेवून बघा. त्या दिवशी माझे बूट घरी माळ्यावर होते.

तिसरी गोष्ट लादीवर कळते. चांगला कार्व्हिंग बोर्ड सपाट लादीवर ठेवला की मधून पुलासारखा उचललेला असतो, खालून बोटं सरकतात. माझा पोळपाटासारखा चिकटून बसला. त्यातला ताण मेलेला होता. शिवाय पोलादी कड किती जाड उरलीय ते नखाने बघा. भाड्याचे बोर्ड मशीनवर घासून घासून कड कागदाइतकी करून टाकतात. वर नवाकोरा चकचकीत पृष्ठभाग आणि खाली झिजलेली कड, असं दिसलं की समजा वरून काहीतरी चिकटवलंय. आणि बबल रॅप काढायला सांगा. सगळा.

पैशांचं काय झालं? विकणाऱ्याला फोन केला तर आधी म्हणाला, ‘सर, सेकंडहँड म्हणूनच दिला होता.’ मग म्हणाला त्यालाच कुणीतरी तसा विकला. मग ब्लॉक. जाहिरात काढून टाकलेली, चॅटमधले त्याचे मेसेज गायब. माझ्याकडे उरली यूपीआयची पावती, ज्यावर भलत्याच बाईचं नाव, आणि स्टिकर लावलेल्या बोर्डाचा एक फोटो, जो मी शायनिंग मारायला मित्रांना पाठवला होता. तोच आता पुरावा. पोलिसांत लेखी अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. हा माणूस असे बोर्ड धंदा म्हणून विकतो हे दाखवता आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. एकदाच घरातली वस्तू विकणारा असेल तर ते अवघड. म्हणून मी त्याच्या जुन्या जाहिराती शोधत बसलो.

गेल्या महिन्यात सापडली. नाव दुसरं, सोफा तोच, मोहरीच्या रंगाचा. ‘कार्व्हिंग बोर्ड, १६२.’ आधी पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. मग भाचीच्या नंबरवरून मेसेज केला: ‘दादा, घ्यायचाच आहे. बबल रॅप काढून, शेजारी टेप ठेवून एक फोटो पाठवाल का?’

दोन निळ्या टिक आल्या. संध्याकाळी जाहिरात गायब होती.