सैन्याच्या सज्जतेवर संसदेची नजर: स्थायी समितीचा अहवाल आधी वाचावा की कॅगचा?

संरक्षणखात्यावर प्रबंध किंवा लेख लिहायला घेणाऱ्याला लवकरच एक निवड करावी लागते. सैन्य लढाईला कितपत तयार आहे, याची गणवेशाबाहेरच्या लोकांनी केलेली अधिकृत तपासणी आपल्याकडे मुख्यतः दोन ठिकाणी वाचायला मिळते: संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालांत आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अहवालांत. दोन्ही वाचावेत हे खरे, पण हाताशी वेळ थोडा असेल तर आधी कोणता उघडायचा, हे प्रश्न कोणता आहे त्यावर ठरते.

प्रश्न साठ्याचा असेल, तर कॅगला पर्याय नाही. लेखापरीक्षक कागदोपत्री मंजूर साठा आणि प्रत्यक्षातला साठा यांची जुळणी करतात, आणि या जुळणीतून जे दिसते ते कोणत्याही भाषणातून दिसत नाही. दारूगोळ्याचा राखीव साठा ४० दिवसांच्या तीव्र लढाईला पुरेल इतका असावा, असा निकष होता आणि २० दिवस ही किमान स्वीकारार्ह पातळी मानली जात होती. जुलै २०१७ मध्ये, डोकलाममध्ये भारतीय व चिनी सैनिक समोरासमोर उभे असताना संसदेत मांडलेल्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ अखेर तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा दारूगोळा १० दिवसही पुरला नसता.

सियाचीन व लडाखमधील रसद आणि कपड्यांवरचा अहवाल २०२० मध्ये संसदेत आला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउद्देशीय बूट न मिळाल्यामुळे जवानांना जुने बूट दुरुस्त करून वापरावे लागले, आणि बर्फातील चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत होता, असे त्यात नोंदवले आहे. मात्र कॅगचा मोठा दोषही येथेच दिसतो. आकडे चार-पाच वर्षांपूर्वीचे, त्यामुळे परिस्थिती आता सुधारली आहे असे सांगून सैन्याला बाजूला होता येते, आणि ते खरे की खोटे हे वाचकाला त्या अहवालातून ठरवता येत नाही. शिवाय पुढची चौकशी कॅगचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीकडे जाते आणि ही समिती प्रत्येक परिच्छेद हाती घेत नाही.

स्थायी समितीची रीत निराळी आहे. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली. संरक्षण समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य बसतात आणि दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांच्या, म्हणजे मंत्रालयाने संसदेकडे मागितलेल्या खर्चाच्या, निमित्ताने सचिवांना व सैन्याधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात. त्यामुळे तिची माहिती ताजी असते. मार्च २०१८ चा अहवाल याचा उत्तम नमुना आहे: तत्कालीन उपसेनाप्रमुखांनी समितीला सांगितले की सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनी झालेली, २४ टक्के चालू पिढीची आणि जेमतेम ८ टक्के अत्याधुनिक आहे, आणि आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये आधीच ठरलेल्या २९,०३३ कोटींच्या देण्यांनाही पुरणारे नाहीत. इतके स्पष्ट बोलणे पत्रकार परिषदेत सहसा ऐकू येत नाही. बैठका बंद दाराआड होतात, म्हणूनच कदाचित ते शक्य होत असावे.

पण समिती कोठारात जाऊन मोजदाद करीत नाही; ती विचारते आणि मंत्रालय उत्तर देते. दैनंदिन कारभारात तिला शिरता येत नाही, तिच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, आणि मंत्रालयाच्या कार्यवाहीच्या उत्तरांत ‘विचाराधीन’ हा शब्द फार वेळा भेटतो.

भरती, प्रशिक्षण, राखीव दले यांबाबत मात्र मी निःसंकोच समितीचे अहवाल पुढे ठेवीन, कारण ही धोरणे साठ्यासारखी मोजून संपत नाहीत. कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निवीरांच्या कुटुंबीयांना नियमित जवानाच्या कुटुंबाइतकेच लाभ मिळावेत, ही शिफारस समितीने केली.

सरकार स्वतःहून काय सांगते, हा तिसरा मार्ग फारसा भरवशाचा नाही. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा सारांश मांडला; प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्वव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता, सेनापतींची पात्रता या सगळ्यांची त्यात चर्चा होती, पण मूळ अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही.

प्रत्यक्ष जमवाजमवीच्या वेळी तर समिती आणि कॅग दोघेही मागेच राहतात. मे २०२५ मध्ये टेरिटोरियल आर्मीतील, म्हणजे गरजेपुरते बोलावल्या जाणाऱ्या अर्धवेळ राखीव दलातील, प्रत्येक अधिकारी व नोंदणीकृत जवानाला बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना देण्यात आला, आणि तिच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्यास मंजुरी मिळाली, तीही एका अधिसूचनेने. मात्र अंदाजपत्रकात पैसे असतील किंवा अंतर्गत बचतीतून वळवता येतील तरच हे जवान सेवेत घ्यावेत, अशी अट त्या आदेशात आहे. त्यामुळे या विषयावर काम करणाऱ्याने आधी राजपत्रातली ती अधिसूचना वाचावी, मग त्यानंतरच्या वर्षीच्या अनुदान मागण्यांवरील समितीच्या अहवालात हा पैसा कुठून आला ते शोधावे, आणि त्या जवानांना बूट वेळेवर मिळाले का, हे कॅगकडून कळण्यासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी.